खजुरीखालची खुर्ची

दुबईत मी एकोणीस वर्षं न्यायनिवाडा केला आणि पगार कॅम्प बॉसचा घेतला. नेमणुकीच्या कागदावर न्यायाचं नावही नव्हतं. खोल्या वाटणे, पाणी बघणे, बसच्या वेळा पाळणे, किचन स्वच्छ ठेवणे, हजेरी पाठवणे, एवढंच लिहिलेलं होतं. पण मुहैस्नाहमधल्या, म्हणजे आपले लोक ज्याला सोनापूर म्हणतात तिथल्या, आमच्या कॅम्पात चारशे बांधकाम कामगार राहत. एका खोलीत सहा जण, वरखाली पलंग, एक एसी, एक खिडकी. सातारचा माणूस बिहारच्या माणसाच्या डोक्यावर झोपणार आणि पेशावरचा ड्रायव्हर दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत नमाज पढणार. भांडण झालं नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. भांडण पोलिसांत गेलं तर दोघांच्याही नोकरीवर गदा, म्हणून सगळे यायचे माझ्याकडे. कॅम्पाबाहेरच्या माणसाला कॅम्प बॉस म्हणजे कोणी दांडगा इसम वाटतो. मी साडेपाच फूट, चष्मेवाला आणि आवाजही बेताचा.

मला कायदा येत नव्हता. शोफेत मात्र लहानपणापासून तोंडपाठ होते.

आता शोफेत कोण ते सांगतो, कारण त्यांच्याशिवाय ही हकिगत पुढे सरकायची नाही. मी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, रायगडातला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून आमच्या वाडवडलांना गावात शनवारतेली म्हणत, आणि आमच्या छोट्या सिनेगॉगला सगळं गाव शनवारवाल्यांची मशीद म्हणे. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते आणि त्या सिनेगॉगचे मुकादम, म्हणजे प्रमुख. सणासुदीला ते पेटी पुढ्यात घेऊन मराठीत कीर्तन करायचे. आख्यान बहुतेक वेळा शोफेतांचं. इस्रायलच्या लोकांना राजा मिळण्याआधीचा तो काळ. बारा कुळं आपापल्या डोंगराला धरून राहत, एकमेकांशी भांडत, देवाला विसरत. मग शेजारचा कुणी शत्रू चढून यायचा, लोक रडकुंडीला यायचे आणि देव त्यांच्यातूनच कुणा एकाला उभं करायचा. तोच शोफेत. शत्रूपासून सोडवणाराही तोच आणि तंटे तोडणाराही तोच. त्याला मुकुट नाही, वाडा नाही, त्याच्यानंतर मुलाला गादी नाही. बरं, माणसंही कशी निवडलेली. एक डावखुरा, एक सगळ्यांत गरीब घरातला शेतकरी, एक भावांनी घरातून हाकलून दिलेला, आणि एक बाई. ती बाई म्हणजे दबोरा. ती खजुरीच्या झाडाखाली बसायची आणि लोक डोंगर चढून तिच्याकडे निवाड्याला यायचे.

मी एकदा वडिलांना विचारलं होतं, "देवानं नेमलंय हे लोकांना कसं कळायचं? कागद यायचा का?"

वडील म्हणाले, "लोक आपणहून त्याच्याकडे जायला लागले की समजायचं."

आमच्या कॅम्पाच्या अंगणात एक खजूर होती. पहिल्याच महिन्यात एक दिवस माझ्या छोट्याशा ऑफिसात एकदम नऊ जण भांडत घुसले. श्वास घ्यायला जागा उरेना, तेव्हा मी पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलून खजुरीखाली नेऊन ठेवली आणि म्हणालो, "यल्ला, चला, इथं बोला." बसल्यावर मान वर केली तर डोक्यावर झावळ्या. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. वडील पेटीवर जे सांगायचे त्यात मी सदेह जाऊन बसलो होतो. त्या दिवसापासून बसेस परत आल्या की तासभर मी तिथंच बसू लागलो. पोरं त्याला खजूर कोर्ट म्हणायला लागली.

केसेस काय एकेक. सगळ्यांत मोठी भांडणं एसीवरून. खोलीतल्या तिघांना सोळा डिग्री हवी, तिघांना सव्वीस. माझा निकाल असा की ज्याला सोळा पाहिजे त्यानं एसीच्या बरोबर खालच्या पलंगावर झोपायचं. दोन दिवसांत सगळे आपणहून चोवीसवर यायचे. एकदा कोकणातल्या एकानं घरून सोडे आणि सुका जवळा आणला आणि खोलीतल्या राजस्थानी सुताराने अन्नत्याग केला. दोन्ही बाजू मी गंभीरपणे ऐकून घेतल्या. जवळा रंगाच्या रिकाम्या धुतलेल्या डब्यात झाकण लावून गच्चीवर गेला आणि राजस्थान्याला किचनमध्ये सगळ्यांच्या आधीची वेळ मिळाली. महिन्याभरानं तोच राजस्थानी गच्चीवरचा डबा उन्हातून सावलीत सरकवताना मला दिसला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

फायर वॉर्डन निवडायची वेळ आली तेव्हा तर मी चक्क गिदोनाची नक्कल केली. आग लागली तर खोल्या रिकाम्या करून माणसं बाहेर काढणारे वॉर्डन दर मजल्याला दोन लागतात. कंपनी म्हणाली, ज्यांना इंग्रजी येतं ते घ्या. मला ते पटेना. गिदोन हाही शोफेत. त्याच्याकडे लढायला पुष्कळ माणसं जमली, तर देवानं त्याला सांगितलं, यांना पाण्यावर ने आणि पिताना बघ. गुडघे टेकून पाण्यात तोंड घालणारे घरी पाठवले आणि हातानं पाणी तोंडाशी नेणारे तेवढे तीनशे ठेवले. वडील सांगायचे, ते तीनशे पितानाही आजूबाजूला बघत होते. मी चार दिवस वॉटर कूलरसमोर पेपर धरून बसलो. बसमधून उतरलेली तहानलेली माणसं कूलरवर तुटून पडत. त्यातले काही ग्लास तोंडाला लावूनही दाराकडे, जिन्याकडे, आलेल्या माणसाकडे बघत असत. तेवढ्यांची नावं लिहून घेतली. त्यात पहिलं नाव तानाजीचं. सातारा जिल्ह्यातला, परांच्या बांधणारा स्कॅफोल्डर, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरनं, बिजूनं, यादी बघून कपाळाला हात लावला.

आणि त्याच तानाजीनं एका गुरुवारी संध्याकाळी चारशे जणांचा जीव वाचवला.

बसेस नुकत्याच आल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत कुणीतरी इलेक्ट्रिकच्या शेगडीवर भात ठेवून आंघोळीला गेलं होतं. खोलीत शेगडी ठेवायला सक्त मनाई, पण किचनमध्ये रांग लावायचा कंटाळा आणि बाजारात शेगडी चाळीस दिरहमला, म्हणजे आपल्या हजारेक रुपयांना मिळते. वायर तापली, वरच्या पलंगावरून लोंबणारं ब्लँकेट पेटलं. तानाजी जिन्यात पाणी पीत उभा होता. दाराखालून येणारा धूर त्याला दिसला. हातातला ग्लास टाकून तो ओरडत सुटला, एकेक दार लाथेनं वाजवत गेला. मी अंगणातून बघत होतो. सगळी माणसं साबण लागलेली, टॉवेल गुंडाळलेली, पिठाच्या हातांनी धडाधड खाली उतरली. मी हजेरीची वही घेऊन नावं पुकारली. चारशेच्या चारशे. दोन गाद्या आणि एक पलंग जळला, बाकी कुणाला खरचटलंही नाही. तानाजीला मी सगळ्यांसमोर मिठी मारली, आणि मिठी मारतानाच मला प्रचंड राग आला. पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं ते डोळ्यांसमोर आलं.

त्या रागात मी खजुरीखालच्या खुर्चीवर उभा राहिलो. बसायच्या खुर्चीवर उभा राहिलो, इथंच माझं चुकलं असं आता वाटतं. मी ओरडून म्हणालो, "सुनो सब लोग. शनिवारी सकाळी मी खोलीन् खोली तपासणार. ज्याच्या खोलीत शेगडी सापडेल त्याला, मग तो माझा सख्खा भाऊ असला तरी, पहिल्या विमानानं घरी पाठवीन. देवाची शपथ घेऊन सांगतो. खलास."

कंपनीचा नियम पहिल्या चुकीला फक्त ताकीद द्या असा होता. घरी पाठवायची भर माझी. पण परिणाम काय झाला बघा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खजुरीच्या बुंध्याशी शेगड्यांचा ढीग लागला. माणसं येत, मान खाली घालून शेगडी ठेवत आणि जात. तो ढीग वाढताना बघून मी मनातल्या मनात पेटी वाजवत होतो.

इथं हसनची ओळख करून द्यायला हवी. हसन माझ्या शेजारच्या गावचा कोकणी मुसलमान. त्याची आई आणि माझी आई एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. आधी साइटवर शटरिंगचा सुतार होता. गुडघे गेल्यावर मी त्याला कॅम्पात मेंटेनन्सला घेतलं. पलंग, दारं, कड्या, सगळं त्याच्याकडे. मी कोण आहे हे दुबईत कुणाला सांगायची बरीच वर्षं मला गरज वाटली नाही, पण हसनला सांगावं लागलंच नाही. आमच्यात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवत नाहीत. नोकरीत शनिवारची सुट्टी मिळत नसे, फोन, हजेरी सगळं करावं लागे. धर्माच्या हिशेबात मी काठावरही पास होणार नाही. पण निघताना आईला एक शब्द दिला होता, निदान विस्तव पेटवणार नाही. तेवढा पाळला. गावाकडे शनिवारी शेजारचं कुणी येऊन आमची चूल पेटवून जायचं. हसननं हे लहानपणी पाहिलेलं. माझ्या पहिल्याच शनिवारी तो ऑफिसात आला, गवती चहा घातलेला वाफाळता ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "पी. तुझी आय मला गावावरनं बघत असंल."

तेव्हापासून एकोणीस वर्षं दर शनिवारी सकाळी एक ग्लास चहा. एकच. मी प्यायचो, तो समोर बसून गावच्या गप्पा करायचा.

त्या वर्षी त्याच्या गप्पांत एकच विषय होता. त्याची बायको जमीला पहिल्यांदाच दुबई बघायला येणार होती. इतकी वर्षं सासू अंथरुणाला, मग मुलींची शाळा, लग्नं. आता पासपोर्ट झाला होता, तिकीट झालं होतं. दोन महिन्यांनी पुतण्याकडे ऊद मेथाला उतरणार होती. हसननं एका कागदावर आपण बांधलेल्या इमारतींची यादी करून ठेवली होती. मेट्रोतून नेऊन एकेक दाखवायची म्हणे. "आतून नाय दाखवता येनार," तो म्हणायचा, "पन खालनं हात लावता येल."

शनिवारी सकाळी माणसं कामावर गेली. मी, बिजू आणि वॉचमन किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघालो. खोली उघडायची, पलंगाखाली बघायचं, कपाट बघायचं. काही नाही. पुढची खोली, काही नाही. तिन्ही मजले झाले. एकही शेगडी नाही. बिजू म्हणाला, "सर, युवर स्पीच वर्क्ड." मला तर हवेत तरंगल्यासारखं झालं होतं. तळमजल्यावर शेवटच्या टोकाला मेंटेनन्सची खोली राहिली होती. मी म्हणालो, तीही बघून टाकू, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको.

दारापाशी पोचायच्या आधीच वास आला. गवती चहाचा.

मी थांबलो. वॉचमननं किल्ली लावायची गरजच नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडलं. हसन पाटावर बसला होता. समोर लालबुंद शेगडी, तिच्यावर एक लहान पातेलं, शेजारी एक ग्लास. त्यानं वर बघितलं, मला बघितलं, मागे बिजूला बघितलं आणि हळूच बटण बंद केलं.

मी विचारलं, "हसन, हे काय?"

"तुझा चा," तो म्हणाला. "शनवारी सकाळी किचन धुवायला बंद असतं. तूच ठेवलंस ना बंद. आनि किचनच्या शेगड्यांवर सगळ्यांची कोलंबी, खेकडे उतू जातात. तुमच्यात चालत नाय. म्हनून हे पातेलं आनि ही शेगडी निराळी. आजचा शनवार झाला की संध्याकाळी ढिगात टाकनार व्हतो."

"गुरुवारी मी काय बोललो ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. पन तू ते लोकांना बोललास. ही तर तुझीच हाय."

बिजूनं पेन काढलं, पण लिहिलं नाही. "सर, फॉर मी इट्स ओन्ली वॉर्निंग. बट यू टोल्ड एव्हरीबडी. नाउ यू डिसाइड."

अंगणात नाइट शिफ्टची पंचवीस-तीस माणसं उभी होती. त्यांनी सगळं पाहिलं होतं. बसेस परत येईपर्यंत चारशे जणांना कळणार होतं. मी ऑफिसात जाऊन दार लावून बसलो. सोडून द्यावं तर उद्यापासून माझ्या शब्दाला कोण विचारणार? प्रत्येक पलंगाखाली शेगडी परत येणार आणि पुढच्या आगीत तानाजी जिन्यात असेलच असं नाही. पाठवावं तर एकोणीस वर्षं माझ्यासाठी चूल पेटवणाऱ्या माणसाला, ती पेटवल्याबद्दल, मी हाकलणार होतो. जमीलाच्या हातात तिकीट होतं. आणि तो यादीचा कागद. मला रडू आलं, खोटं का सांगू.

आणि मग इफ्ताह आठवला. भावांनी हाकललेला म्हणालो ना, तो शोफेत. लढाईला जाताना त्यानं नवस बोलला: जिंकून परत आलो तर माझ्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला वाहीन. जिंकला. परत आला तर दारातून नाचत आली त्याची एकुलती एक पोर. कीर्तनात इथं बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पण वडील इथं थांबत नसत. ते सांगायचे की तो नवस फिरवता आला असता. त्या काळचा मोठा याजक, म्हणजे मुख्य पुरोहित, त्याला नवसातून मोकळं करू शकत होता. पण इफ्ताह म्हणाला, मी लोकांचा पुढारी, मी का त्याच्याकडे जाऊ? आणि याजक म्हणाला, गरज त्याला, मी का जाऊ? दोघांच्या मोठेपणात पोर गेली. एवढं सांगून वडील पेटीचा भाता मिटायचे.

म्हणजे जायला हवं होतं. पण कुणाकडे? आमच्यात नवं वर्ष लागण्याआधी एक रीत आहे. वर्षभरात तोंडून नको ते शब्द, नवस, शपथा गेलेल्या असतात. त्यांतून मोकळीक मागायला माणूस तीन जणांपुढे उभा राहतो. ते तीन जण विद्वान असायला हवेत असं नाही. साधी माणसं चालतात, ती बसतात आणि त्याला मोकळं करतात. खरं म्हणजे ती आमच्यातली असावी लागतात. सोनापुरात मी ती कुठून आणणार? पण शपथ मी ज्यांच्यासमोर वाहिली ती चारशे माणसं तर होती.

रविवारी सुट्टी. सकाळी मी सगळ्यांना खजुरीपाशी बोलावलं. खुर्चीवर बसलो नाही. हसनला बाजूला उभं केलं आणि जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. मी कोण, शनिवार म्हणजे काय, चहा कुणाचा, सगळं. जे दुबईत एकोणीस वर्षं सांगितलं नव्हतं ते चारशे जणांपुढे हिंदीत सांगून टाकलं. शेवटी म्हणालो, "शपथ मी रागाच्या भरात घेतली. ती मोडायचा हक्क मला एकट्याला नाही. तुम्ही तीन माणसं निवडा. ती बसतील, मी उभा राहीन. ती सांगतील ते करीन. हसनला पाठवा म्हणाली तर पाठवीन."

 मग एकदम गलका. नावं ओरडली गेली, माणसं पुढे ढकलली गेली आणि पाहता पाहता तीन जण ठरले. बिहारचा सळई बांधणारा रामसूरत, बस चालवणारा पेशावरचा गुल खान, आणि तानाजी. खुर्ची एकच. तिघंही तिच्यावर बसायला तयार होईनात, म्हणून खजुरीच्या आळ्याच्या कट्ट्यावर रांगेत बसले.  तीन दिवसांपूर्वी मी त्याच ठिकाणी उभा राहून गरजत होतो.

त्यांनी आपापसांत कुजबुज केली, हातवारे केले, एकदा तर चांगलेच भांडले. रामसूरत उठला. "काका, आपने कसम हमारी जान के लिए खाई थी. जान बच गई. कसम का काम हो गया. आप छूट गए."

गुल खान म्हणाला, "हसन भाई ने गलती किया, उसको कंपनी का वॉर्निंग मिलेगा, जैसे सबको मिलता है. और वो एक महीना मेरे साथ हर कमरा चेक करेगा. आप आझाद हो."

तानाजी मात्र बसूनच राहिला.  तो म्हणाला, "दोघांनी सोडलं, म्हणजे हसनचाचा ऱ्हातील. त्याला माझी ना न्हाई. पण काका, नियम मोडला तुमच्या चहापायी. मग तुम्हाला काय शिक्षा? इथनं पुढं दर रविवारी तुम्ही किचनच्या रांगेत हुभं ऱ्हायचं, स्वतः चहा करायचा आन चाचांना द्यायचा. आन माझ्या वाटची मोकळीक मी देनार न्हाई. जिचं विमान चुकलं असतं ती बाई येईल, तिनं दिली तर सुटलात."

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. इतका चोख निकाल मी त्या झाडाखाली कधी दिला नव्हता.

किचन शनिवारीही उघडं ठेवायला लागलो, धुणं दुपारी नेलं. एक शेगडी फक्त माझ्या पातेल्यासाठी ठरली. तिच्यावर कोलंबी शिजवायची नाही अशी पाटी राजस्थानी सुतारानं लिहून लावली. आणि दर रविवारी मी ग्लास घेऊन रांगेत. पुढचे-मागचे चेष्टा करायचे. "काका, अद्रक डालो." "काका, जल गया." मी चहा न्यायचो, हसन तो दोन्ही हातांनी घ्यायचा आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा. बाकी खजुरीखालची खुर्ची रिकामी होती. तंटे यायचे, ते मी कट्ट्यावर बसून ऐकायचो. खुर्चीवर बसवत नव्हतं.

दोन महिन्यांनी जमीला आली. आठवडाभर हसननं तिला मेट्रोतून फिरवलं, खालून भिंतींना हात लावायला लावले. रविवारी तो तिला कॅम्पात घेऊन आला. बायकांना आत परवानगी नसते, मी कंपनीकडून फक्त अंगणापुरती काढली होती. सगळे धुतलेले शर्ट घालून उभे. ती अंगणात आली, इकडेतिकडे बघितलं, गुडघे धरले आणि समोर दिसली त्या रिकाम्या खुर्चीवर बसली. खजुरीखाली. तिला काय माहीत ती खुर्ची कुणाची. मला मात्र पाणी आलं डोळ्यांत.

मी रांगेत उभा राहून केलेला चहा घेऊन आलो. एक तिला, एक हसनला. तानाजी पुढे होऊन म्हणाला, "चाची, तुमच्याकडं एक निकाल बाकी हाय."

"ठावं हाय. यांनी फोनवर समदं सांगितलंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "इतकी वरसं चा प्यालात. कुठं करतात, कशावर करतात, कधी इचारलंत?"

"नाही," मी म्हणालो.

"आनि हे सोता पितात का, ते?"

मी हसनकडे बघितलं. त्याच्या हातात माझा ग्लास होता, अर्धा संपलेला. तो जमिनीकडे बघत होता.

"ह्यांना चा सोसत नाय," जमीला म्हणाली. "पित्त हाय, लगीन झालं तवापास्नं. घरात चाला शिवत नाय हा मानूस."

एकोणीस वर्षं एकच ग्लास येत होता. आणि दोन महिने दर रविवारी मी माझी शिक्षा त्याला पाजत होतो. 

मी म्हणालो, "हसन, अरे बोलायचंस की."

"निकाल व्हता," हसन म्हणाला. "मोडू कसा?"

जमीलानं त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, उरलेला चहा स्वतः पिऊन टाकला, आणि रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.

"सुटलात," ती म्हणाली. "दोघंबी."